भेदरलेल्या उंदरांची साखर

१२ जानेवारी

ती. आईंना सा. नमस्कार,

सुखरूप पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली सायकलदुरुस्तीचं दुकान. दिवसभर ठोकाठोक. तुम्ही इथं अगदी निवांत राहिला असतात, यंत्र कानातून काढलं की झालं! फोनवर मात्र ते यंत्र शिट्ट्या मारतं आणि आपण दोघी ओरडत बसतो. शेजाऱ्यांना वाटतं सासूसुनेचं जुंपलंय. म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र.

निघताना तुम्ही विचारलं होतंत, वर्षभर तिथं करणार तरी काय? घाईत नीट सांगता आलं नाही. लहान मुलांना साखरेचा एक आजार होतो, त्याच्यावर एक औषध तयार होतंय. ते आधी उंदरांना देऊन पाहतात. उंदराला काही तास उपाशी ठेवायचं, शेपटीच्या टोकातून रक्ताचा बारीकसा थेंब घेऊन साखर मोजायची. मग साखरेचं पाणी द्यायचं आणि पुढचे दोन तास थेंब घेत राहायचं. साखर किती चढते, किती वेळात उतरते, ते त्यावरून कळतं. हीच चाचणी दोन प्रयोगशाळांनी केली. एक ही आमची, दुसरी लांबच्या एका शहरातली. उंदीर एकाच जातीचे, एकाच वयाचे. औषध एकाच बाटलीतलं. पण तिकडे औषधानं काही म्हणजे काही फरक पडला नाही, आणि आमचे आकडे असे विखुरलेले की पडला की नाही तेच सांगता येईना. आता औषध वाईट की आपलं मोजणं वाईट? ते शोधायचं आणि दोन्हीकडची पद्धत एकसारखी करून द्यायची, हे माझं काम. वर्षाच्या आत जमलं नाही तर औषध बासनात. आणि इतके जीव फुकट गेले ते वेगळंच.

तिकडच्या कामाचे प्रमुख एक पशुवैद्य आहेत. मी त्यांना छान सविस्तर लिहिलं होतं. उत्तर आलं दोन ओळींचं: ‘आमची पद्धत पंधरा वर्षं चालत आलेली आहे. चूक आपल्याकडे शोधावी.’ झालं! सुरुवातच अशी.

आई निघाली तरी भिंगरी बसस्टँडवर रडली नाही. शेवटपर्यंत हात हलवत राहिली. मला तेच जास्त लागलं. ती नीट जेवते का, ते लिहा. तुम्हीही जेवा.

तुमची,
सून

२७ जानेवारी

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं, त्यातलं एकदा भिंगरीला मोठ्यानं. तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसून गावाचे फोन जोडले आणि आता माझाच फोन लागत नाही, याचं मला फार हसू येतं. तू मात्र हसायचं नाहीस.

आयुष्यभर उंदीर दिसला की मी केरसुणी उचलत आले. माझी सून त्यांना साखरपाणी पाजते, हे मी शेजारणींना सांगितलेलं नाही. ‘औषधाच्या कामावर आहे’ एवढंच सांगते.

भिंगरी जेवते. तू गेलीस त्या दिवशी घरी आल्यावर तिनं तुझ्या उशीचा अभ्रा काढला, त्यात बाहुली घातली आणि ते गाठोडं कुशीत घेऊन झोपली. अजून धुवायला देत नाही. म्हणते, ‘आईचा वास जाईल.’ मी दोन दिवस मागितला, आता मागत नाही. पुढचा एक दात पडलाय. ‘स’ म्हणताना शिट्टी येते. आमच्या घरात आता दोन शिट्ट्या.

माझंही परवा रक्त तपासलं. ‘काही न खाता या,’ म्हणाले होते. साखर जास्त निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘काही खाल्लं होतंत का?’ म्हटलं, ‘छे हो, नुसता चहा. दोन चमचे साखर घालून.’ त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. चहा म्हणजे काय खाणं का? परत बोलावलंय.

तो तुझा पशुवैद्य म्हातारा दिसतो. पंधरा वर्षांची पद्धत म्हणजे माणूस निवृत्तीला आलेला. आमचे मोठे साहेब असेच होते. कागदावर एकदम कडक, समोर गेलं की विरघळायचे. लांबून भांडत बसू नकोस, सरळ जाऊन भेट. वयाचा मान ठेव, पण माघार घेऊ नकोस.

तुझी,
आई

२ मार्च

ती. आईंना सा. नमस्कार,

तुमचं ऐकलं. जाऊन आले. आठवडाभर होते तिकडे.

पशुवैद्य मला न्यायला स्टेशनवर आले होते. अंगात करडा स्वेटर, कोपरावर निळ्या लोकरीनं रफू केलेलं. प्रयोगशाळा मात्र लख्ख. फरशीवर भाकर ठेवून खावी इतकी. मला वाटलं, खरंच चूक आमचीच असणार.

दुसऱ्या दिवशी चाचणी पाहिली. त्यांचा माणूस पिंजरा उघडतो, उंदराला शेपटीला धरून उचलतो, दुसऱ्या लहान पिंजऱ्यात टाकतो. असे सगळे पिंजरे ढकलगाडीवर रचतात आणि लांबलचक बोळातून चाचणीच्या खोलीकडे नेतात. गाडीचं एक चाक करकरतं. आपल्याला करकर, त्यांच्या कानांना काय असेल! खोलीत पोचले की लगेच सुई. मी एका उंदराला ओंजळीत घेतलं. आई, त्याचं काळीज असं धडधडत होतं की ठोके वेगळे लागेनात, नुसती थरथर.

मी म्हटलं, “घाबरलं की साखर वर जाते. हे पहिल्या थेंबाच्या आधीच घाबरलेत. औषधानं बिचाऱ्यानं करायचं काय?”

ते म्हणाले, “पंधरा वर्षं आम्ही असंच उचलतो.”

माझ्या तोंडून गेलं, “म्हणजे पंधरा वर्षं ते घाबरतायत.”

मला वाटलं, झालं, आता पहिल्या गाडीनं परत. त्यांनी हात धुतले आणि निघून गेले. दुपारी माझ्या टेबलावर डबा आला. स्वतःचा होता, अर्धा करून पाठवलेला. चिठ्ठी नाही, काही नाही.

सकाळी मी पोचले तर ते आधीच प्राणीघरात जमिनीवर मांडी घालून बसलेले. पिंजऱ्यात त्यांनी पुठ्ठ्याची नळी ठेवली होती. उंदीर आपणहून नळीत शिरायचा, आणि ते नळीसकट अलगद उचलायचे. म्हणाले, “गाडी बंद. सुया घेऊन आपणच यांच्या खोलीत यायचं.” तसं केलं, पहिला थेंब घेतला. साखर कालच्यापेक्षा कितीतरी खाली. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “बाई बरोबर आहेत. मी चुकत होतो.” इतकं सरळ कबूल करणारा माणूस मी कामाच्या ठिकाणी पाहिला नव्हता.

पण आमच्या विखुरलेल्या आकड्यांचं कोडं तसंच आहे. आता ते आमच्याकडे येणार आहेत.

अभ्रा धुवू नका. मी दुसरा वापरून पाठवते.

तुमची,
सून

१८ मार्च

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

अभ्रा मिळाला. तिनं हुंगून पाहिला, म्हणाली, ‘यात साबणाचा वास जास्त आहे,’ पण घेतला.

तुझ्या म्हाताऱ्याचं वाचून बरं वाटलं. त्या वयात माणसं आपलं म्हणणं सोडत नाहीत गं. रफू निळ्या लोकरीचं म्हणजे घरी बघणारं कुणी नसावं. मी त्यांच्यासाठी एक स्वेटर विणायला घेते. माझे दिवस रिकामेच असतात. माप कळव. म्हातारी माणसं वाळलेली असतात, पण सैल बरा असतो.

परवाची तारीख तू विसरली नसशील. तो जाऊन तीन वर्षं झाली. भिंगरीच्या वर्गात कुणीतरी तिला विचारलं, तुझे बाबा काय करतात? ही म्हणाली, ‘चित्रकला शिकवतात.’ शिकवायचे नाही, शिकवतात. बाईंनी मला बोलावून सांगितलं, तिला समजवा म्हणून. मी घरी आणलं, खायला दिलं, पण समजावलं काही नाही. मला तरी कुठं समजलंय? सकाळी खेळायला म्हणून गेला, आणि मैदानावरून कुणीतरी फोन केला. जन्मभर मी दुसऱ्यांच्या बऱ्यावाईट बातम्या जोडून दिल्या, आपल्या वाटची वेगळी कळेल असं वाटायचं. तशी नाही कळली. तशीच घंटी वाजली.

हे तुला रडवायला लिहिलेलं नाही. तुला नाही लिहायचं तर कुणाला लिहू?

माप पाठव.

तुझी,
आई

२१ एप्रिल

ती. आईंना सा. नमस्कार,

तारीख विसरले नव्हते. त्या दिवशी मी कामावर गेले, सगळ्यांशी बोलले, आणि संध्याकाळी खालच्या सायकलवाल्याकडे उगीचच जाऊन बसले. त्यानं काही विचारलं नाही, एक चाक धरायला दिलं. मी धरून बसले.

आता पशुवैद्य येऊन गेले त्याची गोष्ट. आमच्याकडे उंदरांना सकाळी उपाशी ठेवतात, म्हणजे खाण्याची जाळी काढून घेतात. ते आले, बघितलं, आणि एका पिंजऱ्यातला भुसा मुठीत घेऊन चाळू लागले. मग तळहात माझ्यापुढे धरला. भुशात खाण्याचा चुरा!

“हे तुमचे उपाशी उंदीर?” म्हणाले.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वरची जाळी काढत होतो, पण सांडलेलं तसंच. म्हणजे जो शहाणा तो भुसा उकरून पोट भरत होता आणि जो साधा तो उपाशी. म्हणून आमचे आकडे विखुरलेले! आई, तुमचा तो दोन चमचे साखरेचा चहा मला आठवला आणि मी हसत सुटले. त्यांना वाटलं मला वेड लागलं. मग त्यांना तुमची गोष्ट सांगितली. तेही हसले. हसताना ते अगदी निराळेच दिसतात.

म्हणजे अर्धी चूक त्यांची निघाली, अर्धी आमची. आता सगळं बसून ठरवलंय. उपाशी ठेवायचं ते स्वच्छ पिंजऱ्यात, नव्या भुशावर. उचलायचं ते नळीनं. आधी आठवडाभर रोज हात लावून सवय करायची. दोन्हीकडच्या खोल्या सारख्याच उबदार. मे महिन्यात एकाच सकाळी दोन्हीकडे चाचणी. जमली तर औषधाला न्याय मिळेल, आणि पुढं निम्म्या उंदरांत काम भागेल.

स्वेटरची तसदी कशाला घेता? माप मला माहीत नाही.

तुमची,
सून

१४ मे

प्रिय आईस,

हे पत्र मी भिंगरी लिहीत आहे कारण आजी सांगते आणि मी लिहिते. आजीला लिहायचा कंटाळा आला आहे. (हे खोटं आहे.)

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी मजेत आहोत. हवा बरी आहे. (आजी न्हाणीघरात घसरली. तिचं उजवं मनगट मोडलं. पांढरं प्लास्टर आहे. मी त्यावर बदक काढलं.) तुझं मागचं पत्र वाचलं. म्हाताऱ्यांचं माप तुला माहीत नाही, असं तू लिहिलंस आणि त्याच्या खाली चार ओळी अशा खोडल्यास की कागद फाटला. चांगल्या कागदावर कुणी असं करतं का? मी तो उजेडात धरून पाहिला पण काही लागलं नाही. (मीपण पाहिला. एक शब्द लागला. ‘स्टेशनवर’.)

तुझी ती मोठी चाचणी या महिन्यात आहे ना? तिच्याकडे लक्ष दे. इकडची काळजी करू नकोस. शेजारच्या काकू स्वयंपाकाचं बघतात. (आजीला वेणी घालता येत नाही म्हणून मी केस कापून घेतले. छान दिसते. आजी रडली पण म्हणाली प्लास्टरमुळे खाज येते म्हणून.)

आजी विचारते, मधे एवढा वेळ काय लिहितेस? मी म्हटलं, माझं अक्षर मोठं आहे.

बाकी सर्व क्षेम. तुझी आई. (आई तू ये.)

भिंगरी

२४ मे

आदरणीय डॉक्टरबाई,

मुलीचं पत्र मिळताच आपण हातातलं काम टाकून घरी गेलात, ते योग्यच केलंत. सासूबाईंच्या मनगटाला आराम असेल अशी आशा करतो. ठरलेली चाचणी पुढं ढकलावी असं आपल्या संचालकांचं म्हणणं होतं. उंदीर सवयीचे झाले होते, पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. म्हणून माझ्याकडची बाजू मी सहकाऱ्यांवर सोपवली आणि आपल्याकडे येऊन आपली बाजू मी स्वतः केली. न विचारता आपल्या खुर्चीत बसलो, त्याबद्दल क्षमस्व.

निकाल असा: दोन्हीकडचे आलेख मी एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. दोन रेघा आहेत हे कळायला डोळे बारीक करावे लागतात. औषध लागू पडतं. फरक लहान आहे, पण दोन्हीकडे तेवढाच आहे. संचालकांनी औषधाचं काम पुढं चालू ठेवायला मान्यता दिली आणि आपण लिहिलेली पद्धत आता इतर प्रयोगशाळांनाही जाणार आहे.

त्या वेळी आपण खोलीत असायला हव्या होतात. एवढंच वाईट वाटलं.

एप्रिलमध्ये स्टेशनवर मी जे विचारलं, त्याला आपण ‘नाही’ म्हणालात. ते मी ऐकलं आहे. त्यामुळे कामात काही उणं येणार नाही. आपण निश्चिंतपणे परत या.

आपला,
पशुवैद्य

२८ जून

श्री. पशुवैद्य यांस,

मी आपल्या डॉक्टरबाईंची सासू. हाताचं प्लास्टर निघालं तरी अक्षर अजून वेडंवाकडं येतं, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, मी तुम्हाला इतके महिने साठीचे समजत होते. सूनबाईनं दुरुस्ती केली नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा ती ते घेऊन गच्चीत गेली. खाली आली तेव्हा डोळे लाल. औषध लागू पडलं म्हणून एवढं कुणी रडत नाही. मी म्हटलं, “म्हाताऱ्याला काही झालं का गं?” तर भिंगरी म्हणाली, “आजी, ते म्हातारे नाहीत, आईनं मला फोटो दाखवलाय.” घ्या! मला सोडून सगळ्या घराला माहीत.

मग मी तिला समोर बसवलं आणि सगळं काढून घेतलं. तुम्ही लग्नाचं विचारलंत आणि ती नाही म्हणाली. का नाही, तेही विचारलं. ती म्हणाली, “ते मला आवडत नाहीत म्हणून नाही म्हटलं असं त्यांना वाटलं तर वाटू दे.” एवढं बोलली आणि भांडी घासायला गेली.

आता खरं सांगते. हे पत्र मी याआधी दोनदा लिहून फाडलं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तिच्या वाटेला जाऊ नका. मला एकच मुलगा होता. ती आणि भिंगरी, एवढंच माझ्याजवळ उरलंय. तुम्ही येऊन त्या दोघींना घेऊन जाल, वर्षातून एकदा भेटायला आणाल, मी दारात उभी राहीन, भिंगरी मला नमस्कार करून मोटारीत बसेल, असं सगळं डोळ्यांपुढं आलं. हात दुखत असताना चार पानं लिहिली. दुसरं पत्र त्याच्या उलट, फार मोठ्या मनाचं. ते वाचून मलाच खोटं वाटलं. म्हणून हे तिसरं.

तिचा चेहरा मी तीन वर्षं पाहत आले. कान गेल्यापासून मला चेहरे चांगले ऐकू येतात. तुमच्या त्या उंदरांचं सांगताना तो चेहरा जसा होतो, तसा मला पुन्हा रोज बघायचाय. त्यासाठी मला काय सोसावं लागेल ते कळत नाही, म्हणून सरळ विचारते. तुम्ही तिला कुठं नेणार? भिंगरीला पोरीसारखं वागवाल का? माझ्या मुलाचं नाव घरात निघालं तर तोंड पाडाल का? गोडगोड लिहू नका. जसं असेल तसं लिहा.

आपली,
भिंगरीची आजी

९ जुलै

आदरणीय काकू,

कामासाठी सध्या त्यांच्या प्रयोगशाळेत आलो आहे; तुमचं पत्र मी त्यांना न दाखवता ठेवू शकलो नाही. आधी त्या तुमच्यावर चिडल्या, मग माझ्यावर, मग बराच वेळ खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. मी त्यांना कुठंही नेणार नाही. त्यांचं इथलं काम वर्षाअखेर संपतं, मग त्या तुमच्याकडेच येणार आहेत. तुमच्या गावात जनावरांचा दवाखाना आहे, तिथं एक जागा आहे. त्या हो म्हणाल्या तर मी ती मागेन. प्रयोगशाळा सोडायला मला जड जाईल, हेही लिहून ठेवतो. जात नाही असं म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही.

मुलं मला नीट जमत नाहीत. मी त्यांच्याशी मोठ्या माणसांशी बोलावं तसं बोलतो. भिंगरीला ते चालेल की नाही, तिला विचारावं लागेल. मी शिकू शकतो, एवढं मात्र अलीकडे सिद्ध झालं आहे.

तुमच्या मुलाबद्दल त्या मला पुष्कळ सांगतात. ते फळ्यावर एका रेघेत घोडा काढायचे, हे मला माहीत आहे. त्यांचं नाव निघालं तर मी तोंड पाडणार नाही. उरलेलं ऐकायला मात्र तुमच्याजवळ बसेन.

आई आजारी होती म्हणून माझं लग्न राहून गेलं. ती आता नाही. स्वेटर तिनंच विणलेला होता, रफू माझं.

आपला नम्र,
पशुवैद्य

१५ जुलै

ती. आईंना सा. नमस्कार,

तुम्ही माझ्या मागं हा उद्योग केलात! मी रागावले आहे, आणि पत्र लिहायला घेतल्यापासून राग शोधतेय, सापडत नाही.

मी नाही का म्हटलं, ते तुम्हाला आता सांगते. त्यांनी स्टेशनवर विचारलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय गेलं असेल? म्हटलं, “माझ्या घरी सासूबाई आहेत. मी त्यांची सून आहे.” ते म्हणाले, “आहात की. मी कुठं नाही म्हणतो?” मी नुसतं ‘नाही’ म्हटलं आणि त्यांची गाडी सुटायच्या आत स्टेशनबाहेर आले. तेच तुम्हाला लिहीत होते आणि तेच खोडलं.

आई, भिंगरीचे बाबा गेले त्यानंतर पहिल्या महिन्यात माझ्या माहेरचे मला न्यायला आले होते. तुम्ही एका शब्दानं राहा म्हणाला नाहीत. माझी बॅग भरायला मदत केलीत. आणि मी बॅग परत रिकामी करायला लागले तेव्हा मुकाट्यानं कपड्यांच्या घड्या घालून कपाटात ठेवल्यात. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. माणसं म्हणतात सून मुलामुळे असते. मी दुसऱ्या कुणाशी लग्न केलं तर मी तुमची कोण होणार? याचं उत्तर मिळाल्याशिवाय मला हो म्हणता येत नाही. त्यांना ते माहीत आहे. ते थांबायला तयार आहेत.

तुमची,
सून

२३ जुलै

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

त्या बॅगेची आठवण काढलीस ते बरं केलंस. तुझे कपडे कपाटात ठेवताना मी एकच घडी तीनदा घातली, आणि तुला दिसू नये म्हणून मी तुझ्याकडे पाठ केली होती. राहा म्हणाले नाही, कारण मी म्हटलं असतं तर तू राहिली असतीस.

तू विचारतेस, माझी कोण होणार. तू या घरात आलीस ती माझ्या मुलामुळे, ते खरं. पण त्या दिवशी बॅग रिकामी केलीस ती काही त्याच्यामुळे नव्हे. तो कुठं होता? तिथून पुढं तू माझी सून आहेस ती आपल्या दोघींच्या मर्जीनं. तिसऱ्या कुणाच्या येण्याजाण्यानं ती मर्जी कशी बदलेल? लोकांना नातं सांगायची अडचण होईल. होऊ दे. त्यांनी आपसात ठरवावं.

तर मनात असेल तर हो म्हण. माझ्यासाठी म्हणू नकोस आणि माझ्यासाठी थांबूही नकोस.

त्यांचं पत्र मला आवडलं. प्रयोगशाळा सोडणं जड जाईल असं लिहिलंय, ते विशेष आवडलं. मी बाहेरची खोली आवरायला घेतलीये. तिथल्या भिंतीवरचा भिंगरीच्या बाबाचा फोटो तिथंच राहील.

पुढच्या आठवड्यात सुट्टी काढून दोघंही या. मी भिंगरीला जवळ घेऊन सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, ते आपल्याकडे राहणार का, त्यांना सायकल शिकवता येते का, आणि त्यांना हाक काय मारायची? मी म्हटलं, बाबा म्हण, काका म्हण, तुला वाटेल ते म्हण. थोडा वेळ ती भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसली. मग चपला घालून खेळायला निघाली, आणि दारातून वळून मला म्हणाली,

“आधी बघते. मग ठरवते.”

तुझी,
आई